झाकली मूठ, उघडी नोंदवही

मार्च अखेर जवळ आली की सरकारी रुग्णालयाच्या औषध भांडारात साठ्याची प्रत्यक्ष पडताळणी होते. काही वर्षांपूर्वी त्या समितीत माझे नाव आले. मी पहिलाच प्रश्न विचारला, सर्पदंशावरच्या इंजेक्शनच्या किती कुप्या शिल्लक आहेत? भांडार सांभाळणारे ज्येष्ठ फार्मासिस्ट चष्मा कपाळावर सरकवत म्हणाले, "मॅडम, कुठला आकडा देऊ? रजिस्टरमधला, कपाटातला, की आज रात्री पेशंट आला तर हाताशी असेल तो?"

मला वाटले, चेष्टा करताहेत. पण खरोखरच तीन आकडे होते. रजिस्टरमध्ये ६० कुप्या. कपाटात ५२, कारण आठ कुप्या रात्री घाईत वॉर्डात गेल्या होत्या आणि नोंद मागाहून व्हायची होती. त्या ५२ पैकी १४ मुदतबाह्य. त्या वेगळ्या खोक्यात, निर्लेखनाच्या मंजुरीची वाट पाहत पडलेल्या. म्हणजे भांडारात उपयोगी पडतील अशा ३८. तिन्ही आकडे खरे होते, पण अर्थ प्रत्येकाचा वेगळा. आणि ते कळले कशामुळे, तर आम्ही कपाट उघडून मोजले म्हणून.

हा प्रसंग आठवण्याचे कारण जरा दूरचे आहे. जगातल्या सर्वात घातक साठ्याबद्दल, म्हणजे अमेरिका आणि रशिया यांच्या अण्वस्त्रांबद्दल आपण नेहमी एक दिलासादायक वाक्य ऐकतो, की शीतयुद्धाच्या काळापेक्षा हा साठा आता कितीतरी कमी झाला आहे. वाक्य खरे आहे. पण त्यातला आकडा कुठला, आणि कपाट उघडून मोजणारे अजून कोणी उरले आहे का, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय तो दिलासा पदरात पाडून घेऊ नये.

हा डॉक्टरांचा विषय आहे?

आरोग्याच्या सदरात हे कशाला, असे काही वाचकांना वाटेल. उत्तर हिरोशिमात आहे. ६ ऑगस्ट १९४५ रोजी तिथे पडलेला बॉम्ब सुमारे १५ किलोटन शक्तीचा होता. वर्ष संपेपर्यंत अंदाजे १ लाख ४० हजार माणसे मेली. शहरातले सुमारे ९० टक्के डॉक्टर आणि परिचारिका एक तर मृत्युमुखी पडल्या होत्या किंवा स्वतःच जखमी होत्या. आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसचे डॉक्टर मार्सेल ज्युनो सुमारे १५ टन वैद्यकीय सामग्रीसह तिथे पोहोचले, तोवर एक महिना उलटून गेला होता.

आमच्या जळीत कक्षात १२ खाटा आहेत. अंगाची ४० टक्के त्वचा भाजलेला एक रुग्ण आला की सलाइन, रक्तघटक, प्रतिजैविके, रोजचे ड्रेसिंग आणि परिचारिकांच्या तीन पाळ्या त्याच्याभोवती फिरू लागतात. असे पाच रुग्ण एकदम आले तर कक्ष कोलमडतो. अमेरिकेच्या पाणबुड्यांवर आज असलेले डब्ल्यू-७६ जातीचे एक अस्त्र सुमारे ९० किलोटनचे आहे, म्हणजे हिरोशिमाच्या सहापट. त्यानंतरच्या रुग्णांवर उपचार करू शकेल अशी आरोग्यव्यवस्था कुठल्याच देशाकडे नाही. ज्या आजारावर उपचार नाही, तिथे प्रतिबंध हेच औषध, हे आम्हाला पहिल्या वर्षापासून शिकवले जाते.

हाच विचार घेऊन १९८० मध्ये दोन हृदयरोगतज्ज्ञ एकत्र आले. एक अमेरिकेचे बर्नार्ड लाउन, ज्यांच्या संशोधनातून आजचे डी.सी. डिफिब्रिलेटर आले, आणि दुसरे सोव्हिएत संघाचे येवगेनी चाझोव्ह. अणुयुद्ध रोखण्यासाठी त्यांनी स्थापन केलेल्या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेला १९८५ चे शांततेचे नोबेल मिळाले. तेव्हा दोन्ही देशांचे साठे मिळून इतिहासातल्या सर्वात मोठ्या आकड्याच्या जवळ पोहोचले होते.

दोन रेषांची गोष्ट

आलेख कागदावर काढला तर दोन्ही देशांच्या रेषा एकसारख्या दिसत नाहीत.

अमेरिकेची रेषा आधी आणि झपाट्याने चढते. १९४५ च्या अखेरीस त्यांच्याकडे दोन बॉम्ब होते. २९ ऑगस्ट १९४९ ला सोव्हिएत संघाने पहिली चाचणी केली, त्या वर्षी अमेरिकेकडे १७० होते. १९५९ मध्ये सुमारे १२ हजार आणि १९६७ मध्ये ३१,२५५. हा त्यांचा कळस. त्यानंतर ती रेषा हळूहळू उतरू लागते.

सोव्हिएत रेषा उशिरा उठते. १९६२ च्या क्युबा पेचप्रसंगात जग विनाशाच्या काठावर उभे होते, तेव्हा अमेरिकेकडे २५ हजारांहून अधिक अस्त्रे होती आणि सोव्हिएत संघाकडे अंदाजे ३,३००. पण पुढची दोन दशके ही रेषा थांबलीच नाही. १९७८ च्या सुमारास तिने अमेरिकेला ओलांडले आणि १९८६ मध्ये ती अंदाजे ४० हजारांवर पोहोचली. म्हणजे दोघांच्या कळसांत १९ वर्षांचे अंतर आहे. "शीतयुद्धातला सर्वोच्च आकडा" असे कोणी म्हणाले तर कोणाचा, हे आधी विचारायला हवे.

आणखी एक मेख आहे. अमेरिकेची संख्या १९६७ नंतर घटली, म्हणून तिची ताकद घटली असे नव्हे. जुने, अवजड बॉम्ब निवृत्त होत होते आणि त्यांच्या जागी अचूक क्षेपणास्त्रे येत होती, ज्यांच्या एकाच नाकात अनेक अस्त्रे बसत. उलट साऱ्या साठ्याची मिळून स्फोटक शक्ती मोजली, तर अमेरिकेचा कळस १९६७ मध्ये नव्हे, १९६० मध्येच येऊन गेलेला दिसतो. नग मोजायचे की शक्ती मोजायची, यावर उत्तर बदलते. गोळ्यांची संख्या सांगायची आणि मिलिग्रॅम सांगायचे नाहीत, तशातला हा प्रकार.

१९९१ नंतर तर देशच बदलला. सोव्हिएत संघ फुटला आणि त्याची दूर पल्ल्याची अण्वस्त्रे रशिया, युक्रेन, बेलारूस आणि कझाकस्तान अशा चार देशांच्या भूमीवर उरली. त्या क्षणी युक्रेनच्या भूमीवर जगातला तिसऱ्या क्रमांकाचा साठा होता. १९९६ च्या अखेरीपर्यंत ही सगळी अस्त्रे रशियात हलवली गेली. म्हणून "सोव्हिएत संघ ते रशिया" अशी सलग रेषा काढताना मधल्या त्या पाच वर्षांवर बोट ठेवून थांबावे लागते.

कुठला आकडा देऊ?

आता आजच्या स्थितीकडे येऊ. २०२५ च्या सुरुवातीचे, जगभर वापरले जाणारे अंदाज असे आहेत. अमेरिकेकडे एकूण सुमारे ५,१७७ अण्वस्त्रे, रशियाकडे ५,४५९. पण यातली काही आमच्या भांडारातल्या त्या वेगळ्या खोक्यासारखी आहेत. ती निवृत्त झाली आहेत, मोडून टाकण्याची वाट पाहत आहेत. ती वजा केली तर सैन्याच्या वापराचा साठा उरतो. अमेरिकेचा सुमारे ३,७०० आणि रशियाचा सुमारे ४,३०९. त्यातलीही सगळी क्षेपणास्त्रांवर किंवा विमानतळांवर सज्ज नसतात, बरीचशी गोदामात राखीव असतात.

एका वृत्तात ५,१७७ आणि दुसऱ्यात ३,७०० वाचून कोणी "साठा घटला" असा निष्कर्ष काढला तर तो फसेल. साठा तोच आहे, फक्त खोके मोजले की नाही एवढाच फरक.

करारांमधल्या मोजणीचे नियम तर आणखी वेगळे. २०१० च्या "न्यू स्टार्ट" करारात दोन्ही देशांना प्रत्येकी १,५५० तैनात अस्त्रांची मर्यादा होती. पण त्यात एक मोठे बॉम्बर विमान म्हणजे एक अस्त्र, असा हिशेब होता. अमेरिकेचे बी-५२ विमान तब्बल २० क्रूझ क्षेपणास्त्रे नेऊ शकते, तरी नोंदवहीत ते एकच. ही लबाडी नव्हती, दोघांनी मान्य केलेली सोय होती. पण नियम माहीत नसेल तर आकडा वाचता येत नाही.

आणि नोंदवही उघडी असण्यातही फरक आहे. अमेरिकेने मे २०१० मध्ये आपला साठा जाहीर केला. सप्टेंबर २००९ अखेरची संख्या होती ५,११३. पुढे काही वर्षे ही प्रथा थांबली, पुन्हा सुरू झाली. सप्टेंबर २०२३ अखेरचा अधिकृत आकडा ३,७४८ आहे. १९६७ च्या कळसाशी तुलना केली तर ८८ टक्क्यांची घट. रशियाने मात्र आपल्या एकूण साठ्याचा आकडा असा जाहीर केलेला नाही. तिथले आकडे उपग्रहचित्रे, करारांतली माहिती आणि तज्ज्ञांचा वर्षानुवर्षांचा अभ्यास यांवरून काढलेले अंदाज आहेत. आलेखावर दोन्ही रेषा सारख्याच ठळक छापल्या जातात, पण एक मोजलेली आहे आणि दुसरी अजमावलेली.

झाकली मूठ

"झाकली मूठ सव्वा लाखाची" असे आपण म्हणतो. शस्त्रांच्या बाबतीत ही म्हण शब्दशः खरी ठरली आहे. १९५० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत हाकाटी सुरू झाली, की सोव्हिएत संघ आंतरखंडीय क्षेपणास्त्रांत आपल्या फार पुढे गेला आहे. १९६० च्या अध्यक्षीय निवडणुकीत तो मोठा मुद्दा होता. अमेरिकेच्या हेरगिरी उपग्रहांची छायाचित्रे ऑगस्ट १९६० पासून मिळू लागली आणि वर्षभरात चित्र स्पष्ट झाले. सोव्हिएत संघाची तैनात आंतरखंडीय क्षेपणास्त्रे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. पण तोवर भीतीने आपले काम केले होते. अमेरिकेचा साठा त्याच काळात सर्वात वेगाने फुगला. समोरच्याच्या मुठीत काय आहे हे दिसत नाही, तेव्हा माणूस वाईटात वाईट ते गृहीत धरतो आणि आपली मूठ अधिक भरतो.

सरकारे सांगत नसली तरी बाहेरून मोजता येते, हे डॉक्टरांनीही दाखवून दिले. त्या काळी दोन्ही देश उघड्यावर अणुचाचण्या करत. त्यातून उडणारे स्ट्रॉन्शियम-९० गवतावर, गवतातून गाईच्या दुधात आणि दुधातून मुलांच्या शरीरात जाई. रासायनिकदृष्ट्या ते कॅल्शियमचा भाऊबंद. त्यामुळे शरीर त्याला हाडांत आणि दातांत बसवते. अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरात १९५८ च्या अखेरीस डॉ. लुईस रीस यांच्या पुढाकाराने मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करायला सुरुवात झाली. दात पाठवणाऱ्या मुलाला एक बिल्ला मिळे. पुढच्या सुमारे १२ वर्षांत तीन लाखांवर दात जमले. चाचण्या वाढल्या त्या वर्षांत जन्मलेल्या मुलांच्या दातांत स्ट्रॉन्शियम वाढलेले दिसले. ऑगस्ट १९६३ मध्ये हवेतल्या, पाण्याखालच्या आणि अंतराळातल्या चाचण्यांवर बंदी घालणारा करार झाला. त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या दातांत ते प्रमाण उतरत गेले. कुठलेही भांडार न उघडता मिळालेली ही पडताळणी होती, पण ती मुलांच्या शरीरातून मिळाली.

कपाट उघडल्यावर

साठा खऱ्या अर्थाने कोसळला तो दोघांनी एकमेकांना कपाट दाखवायला सुरुवात केल्यावर. ८ डिसेंबर १९८७ ला रेगन आणि गोर्बाचोव्ह यांनी मध्यम पल्ल्याच्या जमिनीवरून सोडायच्या क्षेपणास्त्रांवरचा करार केला. "विश्वास ठेवा, पण तपासून पाहा" ही रशियन म्हण रेगन तेव्हा इतक्यांदा वापरत की गोर्बाचोव्ह त्यावरून थट्टा करत. १९९१ पर्यंत दोघांनी मिळून २,६९२ क्षेपणास्त्रे नष्ट केली. रशियातल्या व्होटकिन्स्क कारखान्याच्या फाटकावर अमेरिकी निरीक्षक मुक्काम ठोकून होते आणि अमेरिकेत युटा राज्यातल्या एका कारखान्यापाशी सोव्हिएत निरीक्षक. व्होटकिन्स्कला तर बंदी असलेले क्षेपणास्त्र परवानगी असलेल्याच्या नावाखाली बाहेर पडू नये म्हणून प्रचंड एक्स-रे यंत्र बसवले होते. आपण छातीचा फोटो काढतो, तसा तिथे रेल्वेच्या डब्यातल्या मालाचा फोटो निघे.

मात्र इथेही बारीक अक्षरात एक गोष्ट होती. नष्ट झाली ती क्षेपणास्त्रे. त्यांच्या टोकावरचे अणुस्फोटक काढून ठेवण्याची मुभा होती. बाटली फुटली, औषध उरले.

उरलेल्या स्फोटकाचे काय झाले, याची सर्वात चांगली गोष्ट १९९३ च्या एका करारात आहे. रशियाने आपल्या मोडलेल्या अस्त्रांतले ५०० टन अतिसमृद्ध युरेनियम पातळ करून अमेरिकेला वीजनिर्मितीसाठी विकायचे, असे ठरले. २०१३ च्या डिसेंबरात शेवटची खेप पोहोचली. ते युरेनियम सुमारे २० हजार अस्त्रांना पुरेल इतके होते. जवळपास दोन दशके अमेरिकेतली साधारण दहा टक्के वीज त्यातून आली. ज्यांच्यावर रोखली होती त्यांच्याच घरात तिने दिवे लावले. एकदा पातळ केलेले युरेनियम पुन्हा बॉम्बच्या दर्जाचे करणे सोपे नसते, म्हणून ही घट नोंदवहीतली नव्हती, पक्की होती.

न्यू स्टार्टमध्ये दर वर्षी प्रत्येक बाजूला १८ तपासण्यांचा हक्क होता. निरीक्षक क्षेपणास्त्राच्या उघड्या टोकापाशी उभे राहून झाकलेली अस्त्रे एक एक करून मोजत. एखादी वस्तू अण्वस्त्र नाही असे यजमानाने सांगितले, तर किरणोत्सर्ग मोजून खात्री करून घेत. दोन्ही बाजूंनी मिळून अशा ३२८ तपासण्या झाल्या.

तपासणी थांबली आहे

मार्च २०२० मध्ये करोनामुळे या तपासण्या थांबल्या आणि पुन्हा सुरू झाल्याच नाहीत. फेब्रुवारी २०२३ मध्ये, युक्रेन युद्ध पेटलेले असताना, रशियाने करारातला सहभाग स्थगित केला. पुढे माहितीची देवाणघेवाणही आटली. या कराराला एकदाच मुदतवाढ देता येत होती. ती २०२१ मध्ये वापरून झाली होती आणि ५ फेब्रुवारी २०२६ ही शेवटची तारीख होती. मध्यम पल्ल्याचा १९८७ चा करार तर २०१९ मध्येच संपुष्टात आला.

गंमत अशी की आलेखावरची एकूण रेषा अजूनही खाली झुकलेलीच दिसते. पण ती झुकते आहे निवृत्त अस्त्रे मोडली जात आहेत म्हणून. निर्लेखनाचे खोके रिकामे होत आहे, कपाट नव्हे. सैन्याच्या वापराचा अमेरिकेचा साठा गेली काही वर्षे जवळपास जागीच आहे आणि दोन्ही देश आपली जुनी अस्त्रे बदलून नवी आणण्याच्या कामात गुंतले आहेत. ताप उतरलेला दिसतो, पण थर्मामीटर काढून घेतला आहे. अशा तक्त्यावर कुठलाही डॉक्टर "प्रकृती सुधारते आहे" असे लिहिणार नाही.

आपल्या घराजवळचा दाखलाही डोळ्यांसमोर ठेवावा. भारत आणि पाकिस्तान यांची अण्वस्त्रे जगाच्या हिशेबात थोडी आहेत, २०२५ चा अंदाज अनुक्रमे १८० आणि १७० चा. पण हे दोन देश १९९२ पासून दर १ जानेवारीला आपापल्या अणुकेंद्रांची यादी एकमेकांना देतात, त्यांवर हल्ला करायचा नाही या १९८८ च्या कराराप्रमाणे. ही अस्त्रांची यादी नव्हे, केंद्रांची. तरीही संबंध कितीही ताणलेले असोत, ती यादी हातोहात जाते. साठ्याचा आकडा कळत नाही, पण दार पुरते बंद झालेले नाही एवढे कळते. अमेरिका आणि रशिया यांनी मात्र दोघांत मिळून जगातली सुमारे ८७ टक्के अण्वस्त्रे बाळगून आपले उघडलेले दार लोटून घेतले आहे.

त्या मार्चमध्ये आमची पडताळणी संपली तेव्हा मुदतबाह्य १४ कुप्यांचे कागद पूर्ण झाले, वॉर्डात गेलेल्या आठांची नोंद झाली आणि कमी पडणाऱ्या कुप्यांचे मागणीपत्र गेले. पावसाळा सुरू झाला तेव्हा त्या हाताशी होत्या. रजिस्टरवर सही करताना फार्मासिस्ट म्हणाले, "मॅडम, पुढच्या वर्षीही या हं." मी आजवर चुकवलेले नाही.